जुनी पॉलिसी मोडली, नवी घेतली आणि क्लेम तीन वर्षांच्या आत अडकला

नमुना म्हणून एक घर धरा. कर्ता माणूस ४६ वर्षांचा, एमआयडीसीत नोकरीला. ५ लाखांची पॉलिसी १४ वर्षं नीट चालू. सहा वर्षांपासून शुगरची गोळी. ओळखीतला एजंट घरी येतो. ‘दादा, ही जुनी पॉलिसी काय देणार तुम्हाला? सरेंडर करा, त्याच हप्त्यात १५ लाखांचं कव्हर बसवून देतो. मेडिकल नाही, काही नाही. शुगरचं लिहू नका, उगाच फाईल अडकते. तीन वर्षं निघाली की कंपनी काही विचारूच शकत नाही.’ सतराव्या महिन्यात हार्ट अटॅक येतो. वहिनींच्या हातात पडतं ते दावा नामंजूर झाल्याचं पत्र. जुने ५ लाख तर आधीच मोडलेले.

एजंटचं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि माणूस फसतो तो त्या अर्ध्यावरच. विमा कायदा १९३८ चं कलम ४५ सांगतं की तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने प्रश्न उपस्थित करता येत नाही; त्याआधी मात्र येतो. २०१५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत दोन वर्षांची होती. म्हणजे त्या १४ वर्षं जुन्या पॉलिसीला हे संरक्षण कधीच मिळालं होतं. ती मोडली त्या दिवशी ते गेलं आणि नव्या पॉलिसीचं घड्याळ शून्यापासून सुरू झालं. एजंटला हे माहीत नसतं असं समजू नका. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावरचं कमिशन पुढच्या वर्षांपेक्षा कितीतरी जास्त असतं. जुनी पॉलिसी चालू राहिली तर त्याला मिळतं ते किरकोळच.

तीन वर्षं मोजायची कुठून, यातही मेख आहे. पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख आणि रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर) घेतल्याची तारीख, यांपैकी जी सर्वांत उशिराची ती धरली जाते. वीस वर्षांची पॉलिसी हप्ता चुकून लॅप्स झाली आणि गेल्या वर्षी रिव्हाइव्ह केली, तर चौकशीच्या दृष्टीने ती एका वर्षाची. रिव्हायव्हलच्या वेळी तब्येत चांगली असल्याच्या घोषणापत्रावर सही घेतात. एलआयसीत तो ६८० नंबरचा फॉर्म. ‘दंड भरा, इथे सही करा, बाकी मी भरतो’ म्हणत हाच कागद कोरा सही करून घेतला जातो. त्यापेक्षा सवलतीच्या मुदतीत हप्ता भरून टाकावा. मासिक हप्त्याला १५ दिवस मिळतात, तिमाही, सहामाही आणि वार्षिक हप्त्याला ३०.

तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला की फाईलवर ‘अर्ली क्लेम’ असा शेरा पडतो. मग नेहमीचा दावा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि मूळ पॉलिसी एवढ्यावर भागत नाही. एलआयसी अशा वेळी जादा फॉर्म मागते: बी शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, बी-१ रुग्णालयाचा, सी अंत्यसंस्कारांबाबतचा आणि ई नोकरीच्या ठिकाणचा. खासगी कंपन्यांतही नावं बदलतात, मागणी तीच. शिवाय कंपनीचा तपासनीस बाहेर पडतो. तो फॅमिली डॉक्टरकडे, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, लॅबमध्ये जातो. ऑफिसातून आजारपणाच्या रजा आणि मेडिक्लेमच्या फायली काढतो, शेजारीपाजारी विचारतो.

त्याला हवा असतो तो पुरावा बहुतेक वेळा रुग्णालयाच्या केस पेपरवर मिळतो. रात्री अडीचला पेशंट आणला जातो, ड्युटीवरचा शिकाऊ डॉक्टर भराभर विचारतो, ‘शुगर, बीपी काही?’ घाबरलेला पुतण्या सांगतो, ‘असेल आठ-दहा वर्षांपासून.’ कागदावर उमटतं, ‘डीएम, दहा वर्षे’, म्हणजे मधुमेह. ना तारीख, ना रिपोर्ट, ना सांगणाऱ्याचं नाव. दीड वर्षापूर्वी पॉलिसी घेताना भरलेल्या फॉर्मवर त्याच प्रश्नापुढे ‘नाही’ची टिक असते. नामंजुरीच्या पत्रात नेमकी ही ओळ उतरवलेली असते. तेव्हा रुग्णालयात माहिती सांगताना माहीत असेल तेवढंच सांगा. नुसत्या अंदाजाने वर्षं सांगू नका. डिस्चार्ज समरी आणि इनडोअर केस पेपरच्या प्रती स्वतः काढून वाचा. आकडा चुकीचा असेल तर आधीचे लॅब रिपोर्ट आणि पहिल्या निदानाची चिठ्ठी दाखवून रुग्णालयाकडे लेखी खुलासा मागा. अशा ऐकीव नोंदीला दुजोरा देणारा जुना उपचाराचा कागद कंपनीला दाखवता आला नाही, तर तिची बाजू लंगडी पडते. मात्र शुगर खरोखरच जुनी असेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही. खोटा खुलासा आणायला गेलात तर उलट फसवणुकीचा शिक्का पक्का होईल.

तपासनीसाने जबाब मागितला तर द्या. पण कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही नको. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मूळ कागद देताना पोच घ्या. चौकशी लागणारा मृत्यू दावा ४५ दिवसांत आणि चौकशी न लागणारा १५ दिवसांत निकाली काढावा, असा विमा नियामकाचा २०२४ पासूनचा दंडक आहे. ‘वरून यायचंय’ म्हणत सहा महिने झुलवत असतील तर तारीख घालून लेखी विचारा.

नामंजुरीचं पत्र आलं की आधी एक गोष्ट शोधा: कारण ‘फसवणूक’ म्हटलंय की ‘चुकीची माहिती’. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विमाधारक हयात नसताना फसवणुकीचा आरोप खोडण्याचं ओझं वारसांवर येतं आणि भरलेले हप्तेही जाऊ शकतात. कारण नुसतं चुकीच्या माहितीचं असेल तर तोवर भरलेले सगळे हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात. शिवाय खरी माहिती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीला दाखवावं लागतं. दोन्हींत कारणं आणि कशाच्या आधारावर निर्णय घेतला ते लेखी कळवणं बंधनकारक आहे. पत्रात ते नसेल तर मागा.

लपवलेली बाब जोखमीशी थेट संबंधित हवी, हाही मुद्दा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका दाव्यात कंबरेच्या मणक्याचा आजार लपवला म्हणून हृदयविकाराच्या मृत्यूचा दावा नाकारता येत नाही, असं म्हटलं. शुगर आणि हार्ट अटॅक यांच्या बाबतीत मात्र हा आधार तोकडा पडतो. ‘फॉर्म एजंटने भरला, आम्ही नुसती सही केली’ यावरही फार विसंबू नका. पॉलिसी मिळवून देणारा माणूस कंपनीचाच एजंट मानावा, असं कलम ४५ चं स्पष्टीकरण म्हणतं खरं. पण २०१९ मध्ये, आधीची दुसरी पॉलिसी न सांगितल्याच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने न वाचता सही केल्याची सबब मानली नाही. तो दावा जुन्या, दोन वर्षांच्या नियमाखालचा होता. सहीबद्दलचं म्हणणं आजही कंपन्या पुढे करतात.

नवी पॉलिसी नुकतीच घेतली असेल तर दुरुस्तीला वेळ आहे. कागद हाती आल्यापासून ३० दिवस फ्री लुक, म्हणजे पॉलिसी वाचून परत करण्याची मुदत, असते. सोबत आलेल्या प्रपोजल फॉर्मच्या (पॉलिसीसाठी केलेल्या अर्जाच्या) प्रतीत तब्येतीचे प्रश्न, चालू औषधं, तंबाखू, घरातले आजार, इतर पॉलिसी, उत्पन्न आणि वय तपासा. चुकीची टिक दिसली की शाखेत लेखी कळवून शिक्का मारलेली पोच घ्या. मुदतीत पॉलिसी परत केली तर जोखमीचा प्रमाणशीर हप्ता, तपासणी आणि स्टॅम्पचा खर्च वजा जाता पैसे मिळतात. मुदत उलटली तरी कळवा. हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसीच जाईल. पण माहिती कळूनही कंपनी हप्ते घेत राहिली, तर नंतर तिला ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ म्हणता येत नाही. नवी पॉलिसी नीट हातात येईपर्यंत जुनी सरेंडर करायची नाही. आणि खरं सांगायचं तर शुगर लागलेल्याने जुनी मोडूच नये.

दावा नाकारलाच तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा अधिकार, आणि कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाची मुदत. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण तिथे केस चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग, आणि दोन वर्षांची तारीख पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवायची.