हट्टी रायफल ब्रास: साधी फुल-लेंथ डाय नीट लावायची की स्मॉल बेस डाय घ्यायची?

उडालेल्या काडतुसाची पितळी केस (ब्रास) परत भरण्याआधी प्रेसमध्ये डायने, म्हणजे पोलादी साच्याने, दाबून मापावर आणतात, त्यालाच साइज करणं म्हणतात. केस साइज केली, पुसली, चेंबरमध्ये (बॅरलमध्ये राउंड बसतो त्या पोकळीत) घातली आणि बोल्टचं (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचं) हँडल शेवटी शेवटी येऊन अडलं, असं झालं की सगळ्यांच्या डोक्यात आधी स्मॉल बेस डायच (बुडाजवळ जास्त आवळणारी) येते. माझ्याही आली होती आणि मी घेतलीसुद्धा. डाय चांगली आहे, अजून वापरतो, पण त्या वेळी माझी जी केस अडत होती तिचं दुखणं वेगळंच होतं. म्हणून आधी केस नेमकी कुठे अडतेय ते बघा, मग पैशाचं ठरवा.

ते बघायला काही महागडं लागत नाही. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढलेली रिकामी, साइज केलेली केस घ्या, काळ्या मार्करने खालपासून तोंडापर्यंत पूर्ण रंगवा, वाळू द्या आणि हलक्या हाताने चेंबर करून बाहेर काढा. (ही तपासणी रिकाम्या केसवरच करायची, भरलेला राउंड जोर लावून कधीच बसवायचा नाही.) जिथे काळं घासून पितळ चमकतंय तिथे अडतंय. शोल्डरवर (तोंडाखालच्या तिरक्या खांद्यावर) चमक असेल तर डायची सेटिंग चुकलीय. खाली, बुडापासून साधारण ०.२ इंचावर गोल पट्टा चमकत असेल तर बेस (बुडाजवळचा भाग) फुगलेला आहे. तोंडाशी असेल तर लांबी मोजा, ३०८ विंचेस्टर काडतुसाच्या केसची कमाल लांबी २.०१५ इंच आणि २२३ रेमिंग्टनची १.७६०, त्याच्या वर गेली असेल तर ट्रिम करा (तोंड कापून कमी करा), डायचा काही संबंध नाही. आणि एकदा रिमवरून (बुडाच्या कडेवरून) नख फिरवून बघा, एक्स्ट्रॅक्टरने (केस बाहेर काढणाऱ्या आकड्याने) ओढताना तिथे बारीक कड उठलेली असते, तेवढ्यानेही केस पूर्ण बसत नाही, फाइल हलकी फिरवली की झालं.

आता साधी फुल-लेंथ डाय. डाय शेलहोल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या प्रेसच्या भागाला) टेकेपर्यंत खाली घ्या आणि मग पाव फेरा अजून, एवढं सगळे वाचतात आणि करतात, पण ते रिकाम्या प्रेसवर करतात. आत केस असली की प्रेस ताणला जातो. म्हणून ल्यूब (वंगण) लावलेली केस आत घालून रॅम (केस वर ढकलणारा प्रेसचा दांडा) पूर्ण वर न्या, तिथेच थांबा, आणि शेलहोल्डर आणि डायच्या मधे डोळा लावून बघा. मागे दिवा धरा. उजेडाची बारीक रेघ दिसली तर केस पूर्ण आत गेलेलीच नाही, डाय एक अष्टमांश फेरा खाली घ्या आणि परत बघा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रेघ स्पष्ट दिसत होती आणि माझी सगळी अडचण त्या रेघेत होती.

यात एक गोष्ट लोकांना उलटी वाटते, अर्धवट साइज केलेली केस कधीकधी न साइज केलेल्या केसपेक्षा जास्त घट्ट बसते. कारण डाय आधी बाजूने दाबते, दाबलेलं पितळ वर सरकतं आणि शोल्डर पुढे ढकलला जातो, तो मागे येतो अगदी शेवटच्या टप्प्यात. तो टप्पा राहिला की शोल्डर लांबच राहिला. त्यामुळे "माझ्याच रायफलमधून उडालेली केस आत जात होती, साइज केल्यावर जात नाही" असं कोणी म्हटलं की मला आधी डायच्या सेटिंगचाच संशय येतो.

शोल्डर किती मागे घ्यायचा ते कंपॅरेटरने (शोल्डरपर्यंतचं अंतर मोजायच्या साधनाने) मोजा. बोल्ट अॅक्शनला (दर वेळी हाताने बोल्ट ओढायच्या रायफलला) एक ते दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), सेमी-ऑटोला (पुढचा राउंड आपोआप घेणाऱ्या रायफलला) तीन ते चार. अडतंय म्हणून घाबरून आठ-दहा थाऊ मागे घेऊ नका, दर वेळी केस तेवढी ताणली जाते आणि बुडाच्या वर आतून पातळ होत जाते. वाकवलेल्या पेपरक्लिपचं टोक आतून भिंतीवर फिरवलं तर तिथे पडलेली खाच हाताला लागते, लागली की केस बाद, तिथे विचार करायचा नाही.

स्मॉल बेस डाय वेगळं काय करते? साध्या डायपेक्षा खालचा भाग साधारण एक-दोन थाऊ जास्त आवळते, बस. ऐकायला थोडं वाटतं, पण बुडाजवळची भिंत जाड असते, दाबून सोडली की थोडी परत उसळते, त्यामुळे तिथले हे एक-दोन थाऊच केस आत जाईल की नाही ते ठरवतात. दुसऱ्यांच्या रायफलमधलं गोळा केलेलं ब्रास, विशेषतः मशीनगनमधून उडालेलं ७.६२ नाटो (लष्करी काडतूस), किंवा सेमी-ऑटोला घट्ट मॅच चेंबर (अचूक नेमबाजीसाठी कमी मोकळं ठेवलेलं), यापैकी काही असेल आणि मार्करचा पट्टा खालीच निघत असेल तर घ्या, नक्की घ्या. एकाच बोल्ट रायफलचं स्वतःचं ब्रास परत परत वापरत असाल तर मला तरी गरज दिसत नाही. सेमी-ऑटो आहे म्हणजे स्मॉल बेस लागतेच असंही नाही, माझ्या ओळखीत साध्या डायवर वर्षानुवर्षं चालवणारे आहेत. किंमत बाजूला ठेवली तरी तिचा खर्च आहेच, जोर जास्त लागतो, ल्यूब जास्त लागतं, आणि पितळ दर वेळी जास्त हलवल्यामुळे केस लवकर थकते.

गेजबद्दल इथेच सांगतो कारण यात मी फसलो होतो. विल्सनचं केस गेज (केस आत घालून माप तपासायचा साचा) शोल्डर आणि लांबी तपासतं, बॉडीचा व्यास नाही. बेस फुगलेली केस त्यात आरामात बसते आणि चेंबरमध्ये अडते. बॉडी तपासायची असेल तर चेंबरच्या मापाचं गेज लागतं किंवा सरळ तुमचं बॅरल.

डाय घेण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. रॅम वर नेऊन तीन-चार सेकंद तसाच धरा, खाली घ्या, केस अर्धी फिरवा, परत एकदा. उसळी कमी होते. बेसवर थोडंसंच अडत असेल तर बऱ्याच केस एवढ्यावर सुटतात, दोनशे केस असतील तर कंटाळवाणं आहे पण वीस असतील तर हेच करा. आणि हट्टी ब्रास जड सिंगल-स्टेज प्रेसवरच (एका वेळी एकच डाय लागणाऱ्या) घ्या, प्रोग्रेसिव्ह प्रेसचा (एका फेरीत अनेक कामं करणाऱ्या) टूलहेड, म्हणजे डाय धरणारा भाग, उचलला जातो आणि माप केसगणिक बदलतं.

ल्यूबमध्ये हट्टी केससाठी मी इम्पीरियलचं मेणच वापरतो, बोटाला पुसटसं घेऊन केसच्या खालच्या अर्ध्या भागाला चोळायचं. जास्त संख्या असेल तर लॅनोलिन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचं मिश्रण फवारा, पण अल्कोहोल पूर्ण उडू द्या. मी घाईत ओल्या केस साइज करायला घेतल्या आणि एक अशी अडकली की रिम उपटून हातात आला, केस डायमध्येच. मग बुडात भोक पाडा, पाव इंच वीसचा (इंचाला वीस आटे) टॅप मारून आटे पाडा, त्यात साधा नट-बोल्टमधला बोल्ट घालून ओढा, अख्खी संध्याकाळ गेली. मेणाने मला असं एकदाही झालं नाही. फक्त शोल्डरवर ल्यूब साचू देऊ नका, खड्डे पडतात.

अॅनीलिंगचं (पितळ तापवून मऊ करण्याचं) विचारतात म्हणून थोडक्यात, ते नेक (तोंडाकडची अरुंद मान) आणि शोल्डरसाठी आहे, त्याने शोल्डर एकसारखा मागे येतो, खालच्या पट्ट्याला त्याचा उपयोग नाही. बुडाला उष्णता देऊन मऊ करायचा विचारसुद्धा करू नका, सगळा दाब तिथेच झेलायचा असतो आणि मऊ बूड फुटलं तर ते तुमच्या चेहऱ्यासमोर फुटतं.

स्मॉल बेसमधून दोनदा काढूनही जी केस अडते ती मी ठेवत नाही. पक्कडीने तोंड चेपून भंगाराच्या डब्यात टाकतो, चेपतो अशासाठी की पुढच्या वेळी चांगली दिसली म्हणून परत उचलली जायला नको.