रानातल्या हरणासाठी थर्टी-थर्टी की थ्री-ओ-एट?

पेनसिल्व्हेनियातला भाचा पहिली रायफल घेताना या दोन कॅलिबरमध्ये, म्हणजे काडतुसांच्या प्रकारांमध्ये, अडकलाय. त्याला लिहिलं ते असं.

दाट रानात हरीण बहुतेकदा शंभर यार्डांच्या आतच दिसतं. तिथे १८९५ साली आलेली थर्टी-थर्टी पुरते: १५० किंवा १७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, सौम्य धक्का, आखूड, दांडा ओढून पुढचं काडतूस भरायची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल. मात्र काडतुसं एकामागे एक ठेवायच्या नळीच्या मॅगझिनमध्ये कडक टोकदार गोळ्या नकोत. टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागावर, टेकतं आणि धक्क्याने ते काडतूस उडू शकतं. १९५२ साली आलेली थ्री-ओ-एट वेगवान, धक्का जास्त, पण दोनशे यार्डांपलीकडेही भरवशाची.

जड गोळी झुडपं कापत जाते, हे मानू नकोस. फांदीला लागून दोन्ही कॅलिबरच्या गोळ्या वळू शकतात आणि जनावर जखमी होऊन निसटतं. वाट मोकळी नसेल तर चाप ओढायचाच नाही.

फक्त रानात फिरणार असशील तर थर्टी-थर्टी. शेताच्या कडेलाही बसणार असशील तर थ्री-ओ-एट.