बारावी बायोलॉजी: आयएमपीची यादी घ्यावी, जुने पेपर मोजावेत की पुस्तकच धरून बसावं?

बारावीच्या बायोलॉजीला काय येणार याचा अंदाज सगळेच बांधतात. ‘मी नाही बुवा असलं काही करत’ म्हणणारी मुलंही सरांनी फळ्यावर दोनदा काढलेल्या आकृतीपुढे हळूच चांदणी काढतात. त्यात गैर काही नाही. ठरवायचं ते एवढंच, की अंदाज कुणाचा धरायचा: क्लासने किंवा यूट्यूबवर कुणी काढलेल्या ‘आयएमपी’ म्हणजे महत्त्वाच्या प्रश्नांच्या तयार यादीचा, स्वतः जुने पेपर मोजून बांधलेला, की बालभारतीच्या पुस्तकातल्या स्वाध्यायांचा? त्यात आता चॅटबॉटची भर पडली आहे. हे मार्ग तोलताना मी एकच माप लावलं आहे: अंदाज चुकला तर हातात काय उरतं?

आधी पेपरचं गणित, कारण अंदाज बांधायला वाव किती आहे ते तिथेच कळतं. महाराष्ट्र बोर्डाचा लेखी पेपर ७० गुणांचा आणि ३ तासांचा. सेक्शन ए मध्ये १० बहुपर्यायी आणि ८ एका गुणाचे प्रश्न, म्हणजे १८ गुण, आणि त्यात ऑप्शन अजिबात नाही. बी मध्ये दोन गुणांच्या १२ पैकी ८, सी मध्ये तीन गुणांच्या १२ पैकी ८, आणि डी मध्ये चार गुणांच्या ५ पैकी ३ सोडवायचे. पेपर छापला जातो ९८ गुणांचा, सोडवायचा ७० चा. मधल्या २८ गुणांच्या सवलतीवरच ‘धडा ऑप्शनला टाकणं’ हा आपल्याकडचा पिढीजात उद्योग चालतो.

पण ही सवलत खिशातल्या सुट्या पैशांसारखी हवी तिथे खर्च करता येत नाही. बी मधले चार, सी मधले चार आणि डी मधले दोन प्रश्न सोडता येतात, आणि बी मधली उरलेली सूट डी मध्ये चालत नाही. तुम्ही टाकलेल्या धड्यांवरचे तीन प्रश्न डी मध्येच आले, की तिथले चार गुण थेट गेले. शिवाय ए मधले १८ गुण पुस्तकातल्या पंधराही प्रकरणांमध्ये कुठेही विखुरलेले असू शकतात. गंमत म्हणजे ऑप्शनला टाकली जातात ती बहुधा शेवटची तीन: जीव आणि त्यांच्या संख्या, परिसंस्था, जैवविविधता. पंधरांतली वाचायला सर्वांत सोपी हीच आहेत. ती टाकायची आणि डीएनएचं रेप्लिकेशन घोकत बसायचं, यात मला काही शहाणपण दिसत नाही.

तयार यादी

तिचा फायदा उघड आहे. वेळ लागत नाही, बहुतेक याद्या फुकट मिळतात, आणि काढणारा अनुभवी शिक्षक असेल तर तो उगाच काहीही लिहीत नाही. प्रिलिमच्या धावपळीत दोन पानांचा कागद हातात आला की जिवात जीव येतो, हेही खरं.

मात्र पेपर संपल्यावर ‘आमच्या यादीतले नव्वद टक्के आले’ अशी पाटी लागते, तेव्हा दोन गोष्टी विचारा. पहिली, यादीत एकूण प्रश्न किती होते? बोर्डाच्या पेपरात ऑप्शन धरून ४७ प्रश्न असतात. ज्याने दीडशे ‘मोस्ट आयएमपी’ दिले त्याने जवळपास स्वाध्यायच पुन्हा टाइप केले आहेत. त्यातले चाळीस आले तर नवल कसलं? दुसरी, ‘आला’ म्हणजे काय आला?

उदाहरणाला हृदय घ्या. ‘हार्ट शंभर टक्के येणार’ असं यादीत असतं, आणि हार्टवर काही ना काही येतंही. पण एका गुणाला एसए नोड कुठे असतो हे विचारलं जाईल, दोन गुणांना धमनी आणि शीर यांतला फरक. तीन गुणांना एसए नोडपासून एव्ही नोड, बंडल ऑफ हिज आणि पर्किंजे तंतूंपर्यंत आवेग कसा जातो ते लिहावं लागेल, आणि चार गुणांना हृदयाच्या अंतर्रचनेची नावं दिलेली आकृती. यादीवाल्याच्या हिशेबात चारही वेळा ‘आला’. ज्याने फक्त आकृती गिरवली, त्याच्या हिशेबात एकदाच. यादी चुकली की हातात फारसं काही उरत नाही, कारण तिच्यामागचा विचार तुमचा नसतो.

जुने पेपर मोजणं

हा मार्ग मला सर्वांत जास्त पटतो, पण तो बहुतेक जण चुकीच्या पेपरांवर वापरतात. आताचं पुस्तक २०२०-२१ पासूनचं. त्याआधीचा पेपर बॉटनी आणि झूलॉजी अशा दोन भागांत असायचा आणि अभ्यासक्रमही वेगळा होता: प्रकाशसंश्लेषण, उत्सर्जन असे धडे तेव्हा बारावीला होते, आता ते अकरावीत गेले आहेत. मोठ्या ताईने जपून ठेवलेला २०१६ चा संच प्रेमाने बाजूला ठेवा. २०२१ ची परीक्षा कोविडमुळे रद्द झाली. २०२२ ची झाली, पण २५ टक्के अभ्यासक्रम कमी करून. म्हणून एखादा घटक त्या पेपरात नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. २०२३ पासून पुढचे पेपर मात्र पूर्ण भरवशाचे. फेब्रुवारी-मार्चच्या पेपरांबरोबर पुरवणी परीक्षेचेही धरा. तेही त्याच बोर्डाचे, त्याच आराखड्याचे असतात, आणि पोरं नेमके तेच विसरतात.

कृती अशी. एका कोऱ्या तावावर उभ्या ओळीत १५ प्रकरणं लिहा आणि आडवे चार रकाने आखा: १, २, ३, ४ गुण. मग प्रत्येक पेपरातला प्रत्येक प्रश्न, तुम्ही ऑप्शनला सोडला असता तोही, योग्य चौकटीत दोन-तीन शब्दांत टिपा. ‘आकृती’, ‘फरक’, ‘कारण द्या’, ‘उदाहरण सोडवा’ असं प्रश्नाचं रूपही लिहा. दोन संध्याकाळी जातात. त्यातून दिसतं ते असं, की प्रश्न बदलत राहतात, पण कोणत्या प्रकरणातून किती गुणांचं आणि कोणत्या रूपाचं येतं, त्याला एक चाल असते. प्रकरणनिहाय गुणभाराचा तक्ता कॉलेजातल्या सरांकडे किंवा मॅडमकडे असतोच. आपला ताव त्याच्याशी ताडून पाहा.

इथेच ‘गेल्या वर्षी आला, यंदा येणार नाही’ या लाडक्या नियमाचा निकाल लागतो. चौथ्या प्रकरणात तीन प्रयोग आहेत: ग्रिफिथचा १९२८ चा, एव्हरी-मॅकलिऑड-मॅकार्टींचा १९४४ चा आणि हर्शी-चेसचा १९५२ चा. ग्रिफिथ येऊन गेला म्हणून तो सोडला, तर ते एक वेळ चालेल. पण त्याच्या जागी उरलेल्या दोघांपैकी कुणीही येऊ शकतं. आणि ते तिघे मिळून एकच गोष्ट सांगतात. मेलेल्या जिवाणूंमधलं काहीतरी जिवंत जिवाणूंना बदलतं, हे ग्रिफिथला दिसलं. ते काहीतरी डीएनए असावं, हे एव्हरी आणि मंडळींनी दाखवलं. हर्शी आणि चेस यांनी विषाणूच्या डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसची आणि प्रथिनांना किरणोत्सारी गंधकाची खूण करून जिवाणूच्या आत काय जातं ते पाहिलं. एकासाठी द्यायचा वेळ थोडा वाढवला की तिघेही होतात. अंदाज बांधायचा तो असा, गटाचा. मग चुकला तरी शेजारचा प्रश्न हातात असतो.

फक्त पुस्तक

पुस्तकातला प्रत्येक स्वाध्याय सोडवणाऱ्याला अंदाजाची गरज कमी पडते, हे खरं. वर्षभर नियमित अभ्यास केलेल्यांसाठी हा मार्ग उत्तम आहे. ए सेक्शनसाठी तर सगळ्यांनाच तो अटळ, कारण आकृतीखालच्या ओळी आणि रंगीत चौकटी यांचा अंदाज कुणी बांधत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजीत उत्तर लिहायचं असतं; त्यांनी पुस्तकातली वाक्यं डोळ्यांखालून पुन्हा पुन्हा घालावीत, आणि जिथे आकृती बसते तिथे ती काढावीच. अडचण वेळेची. जानेवारीत पहिल्यांदा पुस्तक उघडणाऱ्याला ‘सगळं वाच’ हा सल्ला ऐकायला बरा, पाळायला अशक्य.

चॅटबॉट

यादी झटकन देतो आणि ती दिसतेही झकास. त्यात पाच गुणांचा प्रश्न किंवा मूत्रपिंड दिसलं की समजा, तो सीबीएसई किंवा अकरावीत शिरला आहे. आपल्या पेपरात पाच गुणांचा प्रश्नच नसतो. ‘काय येणार’ हे त्याला विचारू नका. पुस्तकातला एक परिच्छेद देऊन ‘यावर एक, दोन, तीन आणि चार गुणांचे प्रश्न काढ’ असं सांगा; हे काम तो बऱ्यापैकी करतो.

टेलिग्रामवर ‘उद्याचा ओरिजिनल पेपर’ विकणाऱ्यांना या तुलनेत जागा नाही. बहुतेक वेळा ती निव्वळ फसवणूक असते, आणि खरोखरच फुटलेला पेपर असेल तर मामला १९८२ च्या गैरप्रकार प्रतिबंध कायद्यात जातो.

मग कुणी काय करावं?

डोळ्यांसमोर सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, असेल तर ऑप्शनला टाकणं महागात पडतं. सीईटीला बायोलॉजीचे १०० प्रश्न, प्रत्येकी एका गुणाचे, आणि भर बारावीच्या पुस्तकावर. टाकलेला धडा तिथे पुन्हा समोर उभा राहतो. अशांनी पुस्तक हा पाया धरावा आणि जुने पेपर केवळ लिखाणाच्या रूपासाठी पाहावेत.

नीटवाल्यांचं दुखणं वेगळं. मेडिकलला खुल्या वर्गासाठी बोर्डात पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून) ५० टक्के लागतात, तेवढे तर कसेही पडतील म्हणून ते बोर्डाचं पुस्तक उघडतच नाहीत. पण बोर्डाची सहावी आणि सातवी प्रकरणं, म्हणजे वनस्पती आणि पाणी, वाढ आणि खनिज पोषण, यांतला बराच भाग एनसीईआरटीत (नीटवाले वापरतात त्या केंद्राच्या पुस्तकांत) अकरावीला होता आणि तिथूनही वगळला गेला. २०२४ पासून वनस्पतींतलं वहन आणि खनिज पोषण नीटच्या अभ्यासक्रमातही नाही. अशा मुलांनी यादीमागे न लागता आधी ही दोन प्रकरणं उरकावीत, मग तीन आणि चार गुणांची उत्तरं हाताने लिहून पाहावीत. चार पर्यायांतून बरोबर निवडणारा हात सलग पानभर लिहायला लागला की अडखळतो.

दीड महिना असेल तर ताव आखा, गट पाडा, आणि तयार यादी शेवटच्या आठवड्यात फक्त ताडून पाहायला वापरा. तिच्यात असलेलं काही तुमच्या तावावर नसेल तर तेवढं वाचा. लेखीआधी प्रॅक्टिकलचे ३० गुण असतात, तेही विसरू नका. जर्नलमध्ये काय आहे ते आधीच ठाऊक असल्याने तिथे अंदाजाची भानगडच नाही.

दहाच दिवस असतील तर मीही म्हणेन, विश्वासू शिक्षकाची एकच यादी घ्या, चार नकोत. तिच्यातला प्रत्येक विषय चारही गुणांच्या रूपात तयार करा. रोज दीड प्रकरण या हिशेबाने पंधराही प्रकरणांच्या शेवटचे बहुपर्यायी आणि एका वाक्याचे प्रश्न करा. पेपरात बहुपर्यायीचं उत्तर लिहिताना पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहा; सूचनेप्रमाणे नुसत्या अक्षराला किंवा नुसत्या उत्तराला गुण नाहीत, आणि तपासला जातो तो फक्त पहिला प्रयत्न.