घाटात पेट्रोल मोटारहोम की डिझेल पुशर?

सात वर्षं पेट्रोल मोटारहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, चालवली; गेली तीन वर्षं डिझेल पुशर, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेली मोटारहोम, आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचे घाट दोन्ही गाड्यांनी पालथे घातलेत, म्हणून थोडं सांगावंसं वाटतं.

पहिली शंका सगळ्यांची एकच: पेट्रोल गाडी चढेल ना? चढते. त्याच महामार्गावरच्या आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे आणि चढ ७ टक्क्यांपर्यंत. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के घटते, म्हणजे समुद्रसपाटीच्या मानाने वर पोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश गेलेली असते. टर्बोमुळे डिझेलला ही झळ फारशी लागत नाही. पायथ्याच्या सिल्व्हरथॉर्न गावाहून बोगद्यापर्यंत, मागे छोटी कार जोडलेली असताना, पेट्रोल गाडी ताशी ३५ मैलांवर यायची. डिझेल ४५-५० वर टिकते. पण तो चढ आठेक मैलांचा. फरक पडतो चार मिनिटांचा, आणि चार मिनिटांसाठी कुणी डिझेल गाडीला एवढे जास्तीचे पैसे मोजावेत असं मला तरी वाटत नाही.

मी बदललो ते आवाजामुळे.

पेट्रोल गाडीत इंजिन पुढे, दोन सीटांच्या मधोमध, एका झाकणाखाली असतं. चढ लागला की गिअर खाली उतरतो आणि इंजिन ४,५०० आरपीएमवर जाऊन तिथेच थांबतं. त्याने बिघडत काही नाही, ते त्यासाठीच बनवलेलं असतं. घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढू नका, तापमानाच्या काट्यावर लक्ष असू द्या, बस. पण ती घरघर अगदी गुडघ्याशी असते आणि उजव्या पोटरीला धग लागत राहते. एकदा व्हेल पासचा घाट चढताना बायको शेजारून काहीतरी सांगत होती. मला फक्त ओठ हलताना दिसले. माथ्यावरच्या रेस्ट एरियाचा एक्झिट गेला, आणि लेकीला बाथरूमला जायचं असताना सगळा उतार उतरून व्हेल गाव गाठावं लागलं. त्या दिवशी कुणी कुणावर चिडलं नाही, पण माझ्या मनात ते राहिलं.

डिझेलचं इंजिन मागच्या टोकाला. जोर २,००० आरपीएमच्या आतच मिळतो, त्यामुळे त्याच चढावर आम्ही गप्पा मारत जातो.

उताराला मात्र पेट्रोल गाडीला कमी लेखू नका. खालच्या गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिन गाडी चांगली धरतं. डिझेलला थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा अडवणारी) झडप नसल्याने तेवढं आपसूक होत नाही, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक, लागतो. तो असला की डिझेल किंचित पुढे, इतकंच.

खर्चात पेट्रोल सरळ जिंकतं. डिझेल गाडीची किंमत जास्त, माझ्या गाडीला ऑइलही दुपटीहून अधिक लागतं, आणि पेट्रोल इंजिनाला हात लावणारा मेकॅनिक छोट्या गावातही भेटतो. वर्षातून एखाददुसराच घाट असेल, तर पेट्रोल घ्या आणि निश्चिंत राहा. दर उन्हाळा डोंगरातच जाणार असेल, तर मी डिझेलकडे झुकेन.

ट्रायल मात्र सपाट रस्त्यावर घेऊ नका. डीलरला जवळच्या एखाद्या लांब चढावर घेऊन चला, म्हणून सांगा. घरच्यांना शेजारी बसवा, आणि गिअर उतरला की नेहमीच्या आवाजात त्यांच्याशी बोलून पाहा.