पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये लिथियम सेल : नऊ महिन्यांनंतर

सुरुवात एका टॉर्चच्या मरणाने झाली. वर्षभर ड्रॉवरमध्ये पडलेला टॉर्च काढला, तर मागचं झाकण फिरेना. पकडीने फिरवलं तेव्हा आत पांढरा भुगा, स्प्रिंग हिरवी पडलेली आणि दोन्ही अल्कलाइन सेल (नेहमीचे, एकदाच वापरायचे) नळीला चिकटून बसलेले. या सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतं आणि हवा लागली की असं पांढरं होऊन बसतं. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने बरंचसं निघालं, पण आतली पत्र्याची पट्टी खाल्ली गेली होती. त्याच दिवशी ठरवलं, घरातल्या सगळ्या टॉर्चमध्ये रिचार्जेबल लिथियम सेल घालायचे.

नऊ महिन्यांत एक टॉर्च जळाला आणि एक सेल कायमचा गेला. तरीही मी परत अल्कलाइनकडे गेलेली नाही.

रिचार्जेबल लिथियम सेल म्हणून जे मिळतं त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत, हे मला आधी कळलं नव्हतं. एक म्हणजे १४५००. हा आकडा मापाचा आहे : व्यास १४ मिलिमीटर, लांबी ५० मिलिमीटर, शेवटचं शून्य गोल नळकांड्याचं. पेन्सिल सेलच्या जागेत तो मापाने छान बसतो. पण पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा आणि हा ३.७ चा, पूर्ण चार्ज केल्यावर तर ४.२ चा. दुसरी जात म्हणजे १.५ व्होल्टचे लिथियम सेल. त्यांच्या पोटातही तसाच लिथियम आयन सेल असतो, पण सोबत एक चिमुकलं सर्किट असतं, ते व्होल्टेज उतरवून बाहेर १.५ देतं.

मी आधी १४५०० आणले. छोटा अ‍ॅल्युमिनियमचा एका सेलचा टॉर्च होता, त्यात घातला आणि बटण दाबलं. भिंत पांढरीफटक! इतका उजेड त्या टॉर्चने जन्मात दिला नव्हता. कमी-मध्यम-जास्त असे तीन टप्पे होते, ते मात्र गायब. कितीही वेळा बटण दाबा, उजेड तेवढाच. दोन मिनिटांत पुढचा भाग हाताला चटका देऊ लागला. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. चौथ्या दिवशी उजेडाला निळसर झाक आली, मग तो लुकलुकला आणि संपला. परत साधा सेल घालून पाहिला, काही नाही.

कारण नंतर समजलं. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. एका पेन्सिल सेलमधून तेवढे मिळत नाहीत, म्हणून टॉर्चच्या आत व्होल्टेज चढवणारं सर्किट असतं. आत येणारं व्होल्टेजच एलईडीच्या गरजेपेक्षा जास्त असेल, तर या सर्किटला करण्यासारखं काही उरत नाही आणि करंट जवळजवळ थेट एलईडीतून धावतो. जुन्या बल्बच्या टॉर्चमध्ये एवढीही मुदत मिळत नाही. ३ व्होल्टच्या बल्बला असे दोन सेल लावले की ८.४ व्होल्ट, म्हणजे एक लख्ख झगमगाट आणि बल्ब खलास. (मराठीत आपण टॉर्चलाही बॅटरीच म्हणतो, त्यामुळे ‘बॅटरी गेली’ म्हटलं की नक्की काय गेलं हे घरात दोनदा सांगावं लागलं.)

दुसरा टॉर्च घेताना मागची बारीक अक्षरं वाचली. ०.८ ते ४.२ व्होल्ट असं लिहिलेलं होतं. यात १४५०० मजेत चालतो, सगळे टप्पे शाबूत आहेत आणि वरच्या टप्प्यावर उजेड कितीतरी जास्त. सेल मात्र इथेच गमावला. एका रात्री टॉर्च मंद टप्प्यावर चालू राहिला. असे टॉर्च अल्कलाइन सेलला शेवटच्या थेंबापर्यंत पिळायचं या हिशोबाने बनवलेले असतात. अल्कलाइन सेल तसाही संपला की टाकूनच द्यायचा असतो, पण लिथियम आयन सेल साधारण अडीच व्होल्टच्या खाली नेला की आतून खराब व्हायला लागतो. सकाळी मल्टिमीटर लावला तर १.७. असा सेल पुन्हा चार्ज करण्यात धोका असतो, आत शॉर्ट होऊ शकतं. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात दिला.

म्हणून मग संरक्षण सर्किटवाला सेल आणला, जो व्होल्टेज फार उतरलं की स्वतःच बंद होतो. तर त्या सर्किटमुळे तो दोन-तीन मिलिमीटर लांब! झाकण लावलं तर शेवटचा एक आटा उघडाच राहतो, आतलं रबरी कडं दिसतं. उजेड पडतो, पण पाण्यापासून बचाव संपला. त्याच्या आधी एक सपाट टोकाचा सेल आणून फसले होते. टॉर्चमध्ये सेल उलटा घातला तर संपर्क होऊ नये म्हणून पुढे प्लास्टिकचं कडं असतं, सपाट टोक त्याच्या आत पोहोचतच नाही. टोकाला उंचवटा असलेलाच सेल घ्या आणि घेण्याआधी लांबी बघा.

आता १.५ व्होल्टच्या सेलबद्दल. गेले सहा महिने मी मुख्यतः हेच वापरते आहे. अल्कलाइनचं व्होल्टेज हळूहळू उतरत जातं, हे शेवटपर्यंत १.५ वर ठाम राहतात. टॉर्च पहिल्या मिनिटाला जितका प्रखर, तितकाच दोन तासांनी. आणि मग खटकन अंधार.

हा अंधार माझ्या नव्हे, आईच्या वाट्याला आला. वीज गेली होती, ती टॉर्च घेऊन जिना उतरत होती आणि मधल्या पायरीवर उजेड एकदम गेला. ‘अगं, जरा मंद तरी व्हायचा ना आधी!’ ती तिथेच कठडा धरून म्हणाली. काही सेल शेवटी मुद्दाम व्होल्टेज १.१ पर्यंत उतरवून इशारा देतात. माझे त्यातले नाहीत.

डोक्याला बांधायच्या टॉर्चमध्ये तीन बारीक सेल एकापाठोपाठ असतात. तिथे तिघांतला एक बंद पडला की वाट तुटते आणि सगळंच बंद. शिवाय तो टॉर्च स्वस्तातला, आत फक्त एक रेझिस्टर, म्हणजे करंटला थोडं अडवणारा भाग. अल्कलाइन सेल लोडखाली थोडे दबतात, म्हणजे करंट ओढला की त्यांचं व्होल्टेज उतरतं, त्या दबण्यावरच त्याचा हिशोब बेतलेला असावा. लिथियम सेल ४.५ वर अडून बसतात, त्यामुळे उजेड जास्त आणि कपाळाला ऊब लागते. तिथून ते काढून टाकले.

वेष्टनावरच्या आकड्यांचंही एक सांगते. मोठ्या अक्षरात ३००० छापलेलं असतं, पण ते मिलिवॉट-तास, म्हणजे ऊर्जेचं माप; रिचार्जेबल सेलवर सहसा मिलिअँपिअर-तास असतात. १.५ ने भागा, २००० मिलिअँपिअर-तास उरतात. म्हणजे चांगल्या निकेल मेटल हायड्राइड सेलइतकेच (हे नेहमीचे रिचार्जेबल पेन्सिल सेल, पुढे नुसतं ‘निकेलचे’ म्हणते). आणि तेच सेल रेडिओत घातले तर मिडियम वेव्हवर सतत किरकिर येते, आतल्या सर्किटचा उपद्व्याप.

चार्जरचं थोडक्यात : निकेलच्या चार्जरमध्ये लिथियम सेल कधीही घालू नका, खाचेत बसत असला तरीही. बरेच दिवस वापरायचे नसतील तर मी सेल अर्धे चार्ज करून ठेवते. जुना आणि नवा, किंवा दोन जातींचे सेल एका टॉर्चमध्ये एकत्र घालत नाही.

सध्याची मांडणी अशी. ०.८ ते ४.२ वाल्या टॉर्चमध्ये १४५००, झाकणाचा एक आटा उघडा ठेवून, आणि तो पावसात नेत नाही. रोजच्या टॉर्चमध्ये १.५ चे लिथियम. डोक्याच्या टॉर्चमध्ये आणि आईच्या टॉर्चमध्ये निकेलचे सेल. तिच्या टॉर्चवर मी चिकटपट्टी लावून ‘यात लिथियम नाही’ असं लिहिलं होतं. तिने ते खोडून खाली लिहिलंय, ‘याला हात लावू नये’.