थायरॉईड-शुगर अँटिबॉडी पॅकेज: कोणी घ्यावं, कोणी पैसे वाचवावे

रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीच्या कलेक्शन सेंटरमधून विकल्या जाणाऱ्या एका पॅकेजबद्दल हे लिहितोय. लॅबचं नाव देत नाही, कारण अशी पॅकेजं थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच. रक्त इथे काढतात, तपासणी मुंबईत होते. पॅकेजात टीएसएच (थायरॉईड किती काम करतं ते दाखवणारं हार्मोन), अँटी-टीपीओ (थायरॉईडवर उलटलेली अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड), जीएडी-६५ (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटलेली अँटिबॉडी), इन्सुलिन अँटिबॉडी, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी टेस्ट) आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर).

‘थायरॉईड आहे? मग डायबेटीसच्या अँटिबॉडी तपासा’ ही जाहिरात उलटीकडून वाचली तर जास्त खरी आहे. टाइप १ मधुमेह (स्वादुपिंड इन्सुलिन बनवेनासं होतं तो) असलेल्यांपैकी १७ ते ३० टक्के लोकांना ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवावर उलटून होणारा, थायरॉईडचा आजार सापडतो. दोन्हींच्या मागे काही जीन सामाईक आहेत, एचएलए डीआर३ आणि डीआर४ त्यातले मुख्य. म्हणून मुलाला टाइप १ निघाला की टीपीओ आणि थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडमधलं एक प्रथिन) अँटिबॉडी लवकरच करून घेतात. टीएसएच मात्र साखर ताळ्यावर आल्यावर, कारण किटोअ‍ॅसिडोसिसच्या (इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लधर्मी होण्याच्या) धावपळीत तो भलताच येऊ शकतो. पुढे दर एक-दोन वर्षांनी.

पण हाशिमोटोची (ऑटोइम्यून थायरॉईडची) गोळी घेणाऱ्या, साखर नॉर्मल असलेल्या पन्नाशीच्या बाईंना जीएडी कशाला? बहुधा निगेटिव्ह येणार. थोडीशी पॉझिटिव्ह आली तरी एकट्या अँटिबॉडीवरून मधुमेह होईलच असं म्हणता येत नाही, फक्त झोप उडते. दोन किंवा अधिक अँटिबॉडी पुन्हा तपासूनही पॉझिटिव्ह आल्या तर गोष्ट वेगळी. साखर नॉर्मल असली तरी तिला टाइप १ ची पहिली पायरी धरतात. बाकीच्यांना उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी पुरे. (मासे खाणाऱ्याला थायरॉईड होत नाही, ही आपल्या किनाऱ्यावरची समजूतही सोडावी. पोटात आयोडीन गेलं म्हणून ऑटोइम्यून आजार थांबत नाही.)

जीएडीचे पैसे वसूल होतात ते अशा माणसाकडून: वय चाळिशीच्या आसपास, अंगाने सडपातळ, थायरॉईड आधीपासून, टाइप २ समजून गोळ्या चालू केल्या आणि वर्षा-दोन वर्षांत साखर गोळ्यांना जुमानेनाशी झाली. हा लाडा असू शकतो, म्हणजे मोठ्या वयात सावकाश येणारा ऑटोइम्यून मधुमेह. इथे जीएडी पॉझिटिव्ह आली तर इन्सुलिनचा निर्णय वेळेत होतो.

इन्सुलिन अँटिबॉडी पॅकेजात का घातली, कळत नाही. ती लहान मुलांत कामाची. शिवाय बाहेरून इन्सुलिन सुरू होऊन आठ-पंधरा दिवस झाले की त्या टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धही अँटिबॉडी तयार होतात आणि टेस्टला दोन्हींतला फरक कळत नाही. तिच्या जागी आयए-२ (टाइप १ ची आणखी एक अँटिबॉडी) हवी होती.

आता नमुन्याचं. आपल्याकडे खरी गडबड इथेच होते. पिवळ्या टोपीच्या जेल ट्यूबमध्ये रक्त घेतलं की ती पाच-सहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची, मग अर्धा तास उभी ठेवायची. गुठळी झाली की सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूब गरगर फिरवून सीरम वेगळं करणाऱ्या यंत्रात) दहा मिनिटं. जेलच्या वर पिवळसर नितळ सीरम दिसलं पाहिजे. गुलाबी दिसलं तर लाल पेशी फुटल्या, नमुना पुन्हा घ्यावा. पावसात लाईट गेली आणि इन्व्हर्टर नसला की ट्यूब न फिरवताच डब्यात जाते आणि बर्फाला टेकून हायवेच्या खड्ड्यांतून मुंबई गाठते. जीएडी आणि टीपीओ चिवट आहेत. सीरम वेगळं करून २ ते ८ अंशांत ठेवलं तर दोन-तीन दिवस काही बिघडत नाही. सी-पेप्टाइड तेवढं सोशीक नाही. त्याचा आकडा घसरतो आणि स्वादुपिंड आटल्यासारखा रिपोर्ट हातात येतो. त्यामुळे ‘ट्यूब इथेच फिरवणार ना?’ हे सुई टोचण्याआधी विचारायचं. सी-पेप्टाइडसोबत त्याच वेळची साखरही हवी, करड्या टोपीच्या ट्यूबमध्ये. साखर ६५ असताना सी-पेप्टाइड कमीच येणार, त्यावरून काही ठरवता येत नाही. या पॅकेजात ती साखरच नाही! ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक.

दुसरा घोळ केस गळतीच्या गोळ्यांचा. थायरॉईडवाल्यांचे केस गळतात, म्हणून बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असतं आणि पुष्कळ गोळ्यांत ते १० मिलिग्रॅम असतं. ज्या मशीनच्या किटमध्ये बायोटिन वापरलेलं असतं तिथे टीएसएच खोटा कमी आणि टीपीओ खोटी जास्त येऊ शकते. किमान दोन दिवस आधी गोळी बंद ठेवावी. फॉर्मवर याचा रकाना नाही, आपणच सांगायचं. अँटिबॉडीसाठी उपाशी राहायची गरज नाही. थायरॉक्सिनची सकाळची गोळी मात्र रक्त दिल्यावर घ्यावी.

रिपोर्टवरचे लाल ठळक आकडे पाहून घाबरू नका. टीपीओची मर्यादा एका किटमध्ये ३४, दुसऱ्यात ९. म्हणजे २० हा आकडा एकीकडे नॉर्मल, दुसरीकडे पॉझिटिव्ह. एकदा टीपीओ पॉझिटिव्ह आली की दर सहा महिन्यांनी ती मोजण्यात अर्थ नाही, टीएसएच मोजा. उपचाराविना थायरॉईड फार कमी असेल किंवा अंगात लोह कमी असेल, तर एचबीएवनसी साखरेच्या मानाने वर दिसतो, हेही डॉक्टरांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

टाइप १ वाल्याला विनाकारण वारंवार साखर उतरण्याचा त्रास सुरू झाला तर टीएसएच बघतातच. पण त्वचा काळवंडतेय, वजन आणि बीपी घसरतंय, मीठ खावंसं वाटतंय, असं असेल तर थायरॉक्सिन सुरू करण्याआधी सकाळी आठचं कॉर्टिसॉल (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं हार्मोन) हवं. अ‍ॅडिसनचा आजार (ती ग्रंथी निकामी होण्याचा) लपलेला असताना थायरॉक्सिन दिलं तर जिवावर बेतू शकतं. पॅकेजात कॉर्टिसॉल नाही.

एकंदर पाचपैकी दोन तारे, तेही जीएडी आता तालुक्याच्या गावातून देता येते म्हणून. जीएडी, सी-पेप्टाइड आणि त्याच वेळची साखर या तीन टेस्ट सुट्या मागा. सुट्या टेस्टचे दर काउंटरवर विचारावे लागतात, काचेवर फक्त पॅकेजचा दर चिकटवलेला असतो.