जेलचे ग्लोव्ह्ज की जाड बार टेप?

सायकलच्या लांबच्या राइडमध्ये करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखाली अल्नर नर्व्ह दबत असणार. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट गेलं, तर मीडियन नर्व्ह. तिथे मनगट मागे दुमडलं जातंय का, ते आधी बघा. माझी तक्रार पहिल्या प्रकारची. घरी आल्यावर कुलपात किल्ली फिरवायला जावं, तर करंगळीचा पत्ताच नसायचा.

एक सीझन जेलवाल्या ग्लोव्ह्जवर काढला, पुढचा जाड बार टेपवर, म्हणजे हँडलवर गुंडाळायच्या मऊ पट्टीवर.

ग्लोव्ह्ज सोपे, हे मान्य. घातले की निघालात, सायकलला हात लावायला नको. पडलात तर तळहाताची सालटी निघत नाहीत, कपाळाचा घाम पुसता येतो. पहिला तासभर तर गादीवर हात ठेवल्यासारखं वाटतं. मग घाम येतो आणि तो जेलचा तुकडा सरकायला लागतो. बोटांच्या मुळाशी कापडाची घडी जमते आणि पॅडची कड नेमकी त्या नसेवर येऊन बसते. म्हणजे जिथला दाब कमी करायचा, तिथेच तो वाढतो! मी चालत्या सायकलवर दातांनी ग्लोव्ह ओढून सरळ करायचो. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पॅड फार जाड असलं की हँडलचा अंदाज येत नाही, म्हणून नकळत मूठ आणखी आवळली जाते, ते वेगळंच. कदाचित माझ्या तळव्याचा आकारच त्या ग्लोव्ह्जना मानवत नसेल. पण माझं मन उडालं ते या सरकण्यामुळे.

टेप सरकत नाही. निदान नीट गुंडाळलेली तरी. गुंडाळणं मात्र वैतागाचं काम. ताण कमी पडला किंवा दिशा चुकली की हाताच्या पिळाने ती सैल होत जाते. मी पहिल्यांदा दोनदा उकलून पुन्हा गुंडाळली. आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली: आपले हात बहुतेक वेळ हूड्सवर, म्हणजे ब्रेक लीव्हरच्या मुठींवर असतात, आणि तिथे रबर असतं, टेप नसतेच. तळहाताचा मागचा भाग टेकतो तो हूडच्या लगेच मागे. तिथे जुन्या टेपचा बोटभर तुकडा खाली घालून वरून नवी गुंडाळली, तेव्हा खरा फरक पडला. वरच्या आडव्या भागावर दोन थर दिले, ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, एकच ठेवला. हात लहान असतील तर दुहेरी थर मुठीत मावत नाही, ब्रेक लीव्हरही लांब वाटतो. अशांना ग्लोव्ह्जच बरे पडतील.

सीटचं नाक खाली झुकलेलं असेल, तर मात्र दोन्हींवर खर्च करू नका. अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. माझी सीट जेमतेम दोन अंश वर घेतली, तिथेच निम्मा त्रास गेला असावा. दर काही मिनिटांनी हातांची जागा बदलायलाच हवी. आणि बोटांत दुसऱ्या दिवशीही जोर वाटत नसेल, तर टेप-ग्लोव्ह्ज राहू द्या, डॉक्टर गाठा.

हल्ली मी पातळ, बिनपॅडचे ग्लोव्ह्ज घालतो, फक्त पडण्याच्या भीतीने. जेलवाले चेन साफ करताना कामी येतात.